आतली पट्टी

“पण बुवा, यात माझं चुकलं कुठं?”

उकिडव्यांनी पुन्हा तेच विचारलं.

बुवांपुढे चटईवर एक हॅट ठेवलेली होती. खाकी फेल्टची, रुंद कडेची, जुन्या काळी जंगलखात्यातले साहेब घालायचे तसली. इतकी स्वच्छ, की दुकानातून आजच आणली असावी असं वाटत होतं.

मी ओसरीच्या कडेला सुपाऱ्या सोलत बसलो होतो. खरं सांगायचं तर उकिडव्यांबद्दल मला फारसं प्रेम नव्हतं. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाले आणि सावंतवाडीहून आमच्या मठीत येऊ लागले. बुवांपुढे बसायचे शिष्यासारखे, पण शिकायला कमी आणि सांगायला जास्त.

अलीकडे त्यांना जुन्या टोप्यांचं वेड लागलं होतं. कोल्हापूरच्या जुन्या बाजारात एक काळी मखमली टोपी हाती लागली, तिथून सुरुवात. मग पगडी आली, पारशी टोपी आली, साहेबी टोप्या आल्या. घरात काचेचं कपाट झालं. येईल त्याला ते दाखवायचे आणि नाही आला त्याला वर्णन करून सांगायचे.

“टोपी वरून बघायचीच नाही, बुवा,” एकदा ते म्हणाले होते. “उलटी करायची आणि आतली चामड्याची पट्टी बघायची. घाम, तेल, सगळं तिथं मुरलेलं असतं. पट्टी काळी पडलेली दिसली, की भाव पाडायचा.”

बुवा हसले होते.

“म्हणजे माणूस जितका जास्त, तितका भाव कमी.”

उकिडव्यांनाही हसू आलं होतं. पण आज ते हसण्याच्या मनःस्थितीत नव्हते. दाढी वाढली होती. मठीच्या पायऱ्या चढून येऊन बराच वेळ झाला तरी त्यांची धाप थांबली नव्हती.

“सावकाश सांगा,” बुवा म्हणाले. “पहिल्यापासून.”

“ही हॅट तिळव्यांची. आंबोलीला रेंजर होते. त्यांना जाऊन काही वर्षं झाली. त्यांच्या पत्नी, मनोरमाबाई, आमच्याच आळीत राहतात. एकट्या. मी एकदा काही कामानं गेलो, तर ही दारामागच्या खुंटीला.”

“मग?”

“मागितली.”

“लगेच दिली?”

उकिडवे जरा घुटमळले.

“लगेच नाही... मीच चार वेळा गेलो. म्हटलं, इथं दमट हवेत कुजून जाईल, माझ्याकडे काचेत राहील, लोक बघतील, तिळव्यांचं नाव राहील. शेवटी म्हणाल्या, न्या. पैसे घ्यायला तयार नव्हत्या.”

“आणि तुम्ही नेलीत.”

“नेली. अहो, काय अवस्था होती तिची! बुरशी धरलेली. आतली पट्टी तर काळीठिक्कर. मी किटलीच्या वाफेवर धरून सगळा आकार नीट बसवला. ब्रश मारला. स्पिरिटनं डाग काढले. पट्टी उसवून टाकली आणि नवी शिवून घेतली. कामाला मी कुठं कमी पडलो नाही, बुवा.”

“नाही पडलात,” बुवा म्हणाले. “दिसतंय.”

“मग गेल्या आठवड्यात त्यांचा निरोप आला. हॅट एक दिवस घरी आणून द्याल का? तिळव्यांच्या जाण्याचा दिवस होता.”

सुपारी सोलता सोलता माझा हात थांबला.

“मी स्वतः घेऊन गेलो. कागदात गुंडाळून, फीत बांधून. वाटलं, बघून खूश होतील. त्यांनी फीत सोडली. हॅट हातात घेतली. उलटी केली... आणि तोंडापाशी नेली.”



ओढ्याचं पाणी खालून ऐकू येत होतं. आमची मठी ओढ्याच्या काठावरच आहे. एरवी तो आवाज आम्हाला ऐकूही येत नाही.

“किती तरी वेळ त्या तशाच होत्या,” उकिडवे म्हणाले. “मग हॅट खाली ठेवली. म्हणाल्या, ही त्यांची नाही.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“मी म्हटलं, अहो तीच आहे! हा बघा शिवणीपाशी ठिपका, हा बघा आत दुकानाचा छाप. मी कशाला बदलू? त्या म्हणाल्या, असेल. घेऊन जा.”

“मग?”

“तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं.”

बुवांनी मान हलवली.

“दुसऱ्या दिवशी परत गेलो. विचारलं, तिळवे डोक्याला कोणतं तेल लावायचे? त्यांनी सांगितलं, ब्राह्मी. मी तेच आणलं. नव्या पट्टीला चोळलं, उन्हात मुरवलं, पुन्हा चोळलं. परवा घेऊन गेलो. त्यांनी नाकाशी धरली आणि म्हणाल्या...”

त्यांचा आवाज फुटला. मला ते अगदी अनपेक्षित होतं.

“म्हणाल्या, तेल त्यांचंच आहे हो.”

बुवांनी हॅट उचलली. उलटी करून वास घेतला. परत ठेवली.

“जुनी पट्टी कुठं आहे?”

“टाकली.”

“कुठं?”

“घंटागाडीत गेली, बुवा.”

मला उकिडव्यांचा राग यायला हवा होता, आणि आला नाही. माणूस पार खचला होता.

“त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं,” ते म्हणाले. “शेजारचे सांगतात, दोन दिवस जेवल्या नाहीत. दार लावून बसतात. आत त्या खुंटीकडं बघत... माझ्यामुळं.”

“हं.”

“मी वाईट हेतूनं नाही केलं.”

“नाही.”

“मग माझं चुकलं कुठं ते तरी सांगा!”

बुवांनी त्यांच्याकडे पाहिलं.

उकिडवे पुढे सरकले. हात जोडले. मला वाटतं, मठीत आल्यापासून त्यांनी मनापासून हात जोडले ते त्या दिवशीच.

“माझं राहू द्या. माझ्यासाठी नाही मागत. पण तुम्ही एकदा चला. त्या तुम्हाला मानतात. त्यांच्याजवळ बसा, चार शब्द सांगा. गेलेलं सोडायचं कसं, हे तुमच्याशिवाय त्यांना कोण सांगणार?”

“सोडायचं कसं...” बुवा म्हणाले.

आणि त्यांची नजर खुंटीकडे गेली.

त्या खुंटीविषयी सांगायला हवं. देवघराच्या चौकटीपाशी ती आहे आणि तिच्यावर थोरल्या बुवांची कानटोपी असते. थोरले बुवा म्हणजे आमच्या बुवांचे गुरू. मी त्यांना पाहिलेलं नाही. लोकरीची टोपी, मूळ रंग कोणता ते ओळखू न येणारी. चुलीचा धूर, कापूर, खोबरेल, म्हातारपणाचा घाम, सगळं तिच्यात बसलेलं. मी मठीत नवा होतो तेव्हा ती धुवायला काढली होती. बुवा माझ्यावर ओरडले ते तेवढ्या एकाच वेळी.

पुढे कारण कळलं. रोज दिवा लावायच्या आधी बुवा ती टोपी खुंटीवरून काढतात, दोन्ही हातांनी तोंडावर धरतात, क्षणभर तसेच उभे राहतात आणि परत अडकवतात. मग दिवा. मी याबद्दल कधी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

“याल ना, बुवा?” उकिडव्यांनी विचारलं.

“कोणत्या तोंडानं येऊ?”

“म्हणजे?”

बुवा उठले. गुडघ्यावर हात टेकून, हळूहळू. खुंटीपाशी गेले आणि टोपी काढली. मला वाटलं, दिवेलागणीच्या आधीच आज कसे काय. पण त्यांनी ती तोंडाशी नेली नाही.

“सदू, साबण कुठं आहे?”

मला कळेचना.

“कसला साबण?”

“कपड्याचा.”

“न्हाणीत... वडी आहे. कशाला?”

त्यांनी स्वतःच जाऊन वडी आणली आणि ओढ्याच्या पायऱ्या उतरू लागले. मी सूप बाजूला सारून मागे धावलो. माझ्या मागून उकिडवे.

शेवटच्या पायरीवर बुवा बसले. पाय पाण्यात सोडले. टोपी मांडीवर घेतली.

उकिडव्यांच्या तेव्हा लक्षात आलं. ते तसेच कपड्यांनिशी पाण्यात उतरले आणि त्यांनी बुवांचं मनगट धरलं.

“नको, बुवा. धुऊ नका.”

“का? मळली आहे.”

“मळू दे.”

“कुजेल. इथली हवा दमट. लोकर आहे, कसर लागेल.”

“लागू दे. पण धुऊ नका... जाईल ना सगळं.”

“काय जाईल?”

उकिडव्यांना ते सांगता येईना. नुसतीच मान हलवत होते. वर्षभर जुन्या टोप्यांवर न थांबता बोलणारा माणूस, पण त्या एका गोष्टीला त्यांच्याकडे शब्द नव्हता.

बुवांनी त्यांचा हात अलगद बाजूला केला.

मग टोपी पाण्यात बुडवली.

मला तिथून निघून जावंसं वाटलं. बुवांनी साबण लावला, चांगला घासून लावला, कुठं हात आखडता घेतला नाही. आतली बाजू उलटून तिलाही लावला. पाण्यातून काळपट फेस वाहत गेला. खाली दगडांत जरा अडला, मग पुढे गेला. बुवा रडत होते आणि ते लपवतही नव्हते. नाक पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून पुसलं नाही, इतकंच.

त्यांनी पुन्हा साबण लावला. पुन्हा पाणी. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतली.

पिळून झटकली, तर टोपी भगवी निघाली. केवढीशी दिसत होती. एवढ्या वर्षांत मला तिचा रंग ठाऊक नव्हता.

आम्ही वर आलो. बुवांनी ती खुंटीला अडकवली. थेंब जमिनीवर पडू लागले. मी फडकं टाकायला गेलो, तर त्यांनी हातानंच राहू दे म्हटलं.

ऊन उतरलं होतं. बुवा हातपाय धुऊन आले, निरांजनात तेल घातलं, वात सरळ केली. काडेपेटी हातात घेतली... आणि ठेवली. सवयीनं खुंटीकडे वळले.

ओली टोपी त्यांनी दोन्ही हातांत घेतली आणि तोंडावर धरली.

मी खाली पाहिलं. उकिडवे भिंतीला टेकून उभे होते. त्यांची पँट गळत होती.



“साबण,” बुवा म्हणाले. टोपीच्या आडून. नुसतं तेवढंच.

टोपी परत अडकवली. दिवा लावला. पहिली काडी विझली, दुसरी ओढली. नमस्कार केला. मग कोपऱ्यातली काठी उचलली, पंचा खांद्यावर टाकला आणि ओसरीवर आले.

चटईवरची हॅट उकिडव्यांनी कागदात गुंडाळायला घेतली होती. बुवांनी ती त्यांच्याकडून काढून घेतली आणि स्वतःच्या काखेत धरली.

“बुवा,” उकिडवे म्हणाले, “आता काळोख होईल. उद्या गेलो तरी...”

बुवा पायरी उतरले होते.

“चला, उकिडवे. आता मला त्या बाईंसमोर बसता येईल.”