रिकामं मडकं

“सगळं भरून दिलंय गं हिला. फडताळं गच्च आहेत. तरी आपली पाहुण्यासारखी पलंगाच्या काठावर बसते,” सासूबाई थोरल्या जाऊबाईंना सांगत होत्या.

“माहेरची ट्रंकसुद्धा उघडली नाही अजून,” जाऊबाई म्हणाल्या.

दाराआड मी अंथरुणं घेऊन उभी. खाकरले, तशा दोघी मेथी निवडायला लागल्या. ती मघाशीच निवडून झाली होती.

माजघरात अंथरुणं घातली. जाऊबाईंची चिंगी आणि बाळू आडवे झाले. “काकू, गोष्ट!”

बरं, ऐका. एका गावाला होता एक राजा. त्याला टापटिपीची भारी हौस. त्यानं गवताची छपरं उतरवली, भिंतींच्या फटी लिंपून टाकल्या. मग चिमण्यांना जागाच उरेना. एकेक करून उडून गेल्या. आणि त्या गावात, बरं का, चिमण्यांच्या पिल्लांनी हाक मारल्याशिवाय सूर्य उठायचाच नाही. मग काय? उजाडेचना. लोक कंदील घेऊन नांगरायचे. पिकं पांढरी पडली, पोरं फिकुटली.

गावात एकच चिमणी राहिली होती.

राजा म्हणाला, “तिला घर द्या.” मग लोकांनी वळचणीला मडकं टांगलं. पण रिकामं भांडं कुणाला देतात का आपल्यात? त्यांनी ते तांदळानं भरलं. चिमणीनं त्यात अंडी घातली. पण तांदळाला मुंग्या लागल्या, आणि पिल्लं वाचली नाहीत.

मग दुसरं मडकं टांगलं. त्यात रेशमाची गादी. रेशमाचे धागे पिल्लांच्या पायांत गुंतले. तीही गेली.

“मेली?” चिंगीनं विचारलं.

“हो.”

“अगं, झोपताना कसलं सांगतेस!” आतून जाऊबाई.

मग राजाची धाकटी सून उठली. नवीच होती, फार बोलत नसे. तिनं तिसरं मडकं घेतलं, त्याला चिमणीपुरतं भोक पाडलं आणि रिकामंच टांगलं. लोक म्हणाले, “रिकामं मडकं? अपशकुन!” राणी म्हणाली, “निदान एक सुपारी तरी टाक गं!” सून मडक्याखाली बसून राहिली. कुणाला काही टाकू देईना.

चिमणी येता येईना. अंधार तसाच. राणीनं सुनेशी बोलणं सोडलं.

मग एकदा चिमणी आली. चोचीत एक काडी, तिची स्वतःची. मग दुसरी काडी. मग एक पीस. मग अंडी, मग पिल्लं. त्यांनी हाक मारली, आणि त्या एका छपरावर थोडंसं उजाडलं.

आधीची पिल्लं काही परत आली नाहीत. पण घरोघर रिकामी मडकी लागली, गेलेल्या चिमण्या परतल्या, आणि गाव सुखानं नांदलं. चिमण्या मडक्यात, तुम्ही गोधडीत. मिटा डोळे.

वळून पाहिलं, तर दोघी दारात उभ्या. मी म्हणाले, “आई, खिडकीजवळचं एक फडताळ रिकामं करून द्याल? मला माझी ट्रंक उघडायचीय.”