दुसऱ्या तळ्याकाठी

फार पूर्वीची गोष्ट. डोंगरांना अजून नावं पडायची होती, त्या काळची.

बर्फाच्या डोंगरांखाली एक गाव होतं. गावाच्या वर, एकावर एक, अशी तीन तळी होती. उन्हाळ्याचे थोडे दिवस वाट मोकळी होई. तेव्हा गावातली माणसं पहाटे निघून तळी बघत आणि अंधाराआधी परत येत.

गावात धारोजी नावाचा पाथरवट होता. सगळी हयात दगड फोडण्यात गेलेली. तिसरं तळं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. त्या वर्षी त्यानं हातोडा खाली ठेवला आणि सात जणांबरोबर निघाला. सर्वांत पुढे गिरजाक्का, मेंढ्या राखून वाटा पाठ झालेली. सर्वांत मागे तेलघाण्यावरची म्हातारी भागूकाकी.

पहिलं तळं आलं, मागे पडलं. दुसऱ्या तळ्याशी मात्र काकीचा गुडघा भरून आला. पाऊल उचलेना.

गिरजाक्का म्हणाली, "हिच्याजवळ कुणीतरी थांबायला हवं."

सगळे जण वर बघू लागले. धारोजीही.

"कुणी नको," काकी म्हणाली. "मी इथे ऊन खात बसते. येताना मला घेऊन जा."

मग मंडळी निघाली. धारोजी वीसेक पावलं चालला आणि त्यानं सहज वळून बघितलं. काकी पाठ फिरवून बसली होती आणि कुणाला दिसू नये अशा बेतानं गुडघा चोळत होती. धारोजीनं एकदा वरची वाट पाहिली. जिवावर आलं, पण तो माघारी फिरला.

"का रे आलास?"

"तहान लागली."

"एवढं पाणी प्यायला दिवस पुरायचा नाही तुला," काकी म्हणाली, आणि तिनं भाकरीचं फडकं सोडलं.

दोघांनी लसणाच्या चटणीशी भाकरी खाल्ली. सुरुवातीला धारोजीचं मन वरच घुटमळत होतं. हळूहळू ते खाली आलं. तळ्यात अख्खा डोंगर उलटा उतरला होता. दोन बदकं त्याच्या शिखरावरून पोहत गेली. भरदिवसा, हातात काही काम नसताना, तो असा कधी बसलाच नव्हता.

दुपार कलली आणि एकाएकी धुकं उतरलं. हाताचा पंजा दिसेना. वरून अस्पष्ट हाका ऐकू येऊ लागल्या, कधी उजवीकडून, कधी डावीकडून.

"वाट चुकली त्यांची," काकी म्हणाली. "तिथे उजवीकडे कडा आहे."

धारोजीनं ओरडून पाहिलं. आवाज धुक्यात विरून गेला. तेव्हा तो चाचपडत दगड ठोकून बघू लागला. कुठला बद्द वाजतो, कुठला खणखणतो, हे त्याच्या कानाला ठाऊक होतं. एक घणघणणारा धोंडा सापडला. त्यावर तो दुसऱ्या दगडानं एका लयीत ठोके देऊ लागला. तळहात सोलवटले, तरी थांबला नाही. दमला की काकी दोन ठोके देई.

बऱ्याच वेळानं धुक्यातून गिरजाक्का आली. मागे एकमेकांच्या उपरण्यांची टोकं धरलेली माणसं. तिनं मोजली. सगळी होती.

"आम्ही कड्याकडेच चाललो होतो," ती म्हणाली. "तुझे ठोके ऐकले आणि वळलो." तिनं त्याचे हात पाहिले आणि आपल्या पदराची पट्टी फाडून बांधली.

मग धुकं विरळ झाल्यावर काकीला आळीपाळीनं पाठीवर घेऊन सगळे दिवेलागणीला गावात पोचले. वाटेत त्यांनी तिसऱ्या तळ्याचं निळं पाणी धारोजीला परोपरीनं सांगितलं. त्यानं आवडीनं ऐकलं.

घरी बायकोनं विचारलं, "मग, कसं होतं तिसरं तळं?"

"दुसरं फार सुंदर आहे," धारोजी म्हणाला, आणि पाय पसरून सुखानं जेवायला बसला.

तात्पर्य: सोबत निघालेल्याला वाटेत टाकू नये; मागच्यासाठी जो थांबतो, तो पुढे गेलेल्यांनाही घरी आणतो.