नर्तकीच्या मापाच्या बांगड्या

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा रुजलेल्या वडाच्या पारंब्यांचेही आता वड झाले असतील. एका नगरीत एक कासारीण राहत होती. डोक्यावर टोपली घेऊन ती घरोघरी बांगड्या भरायला जाई. बोलघेवडी इतकी, की एक हात भरून होईपर्यंत चार घरच्या बातम्या सांगून झालेल्या असत.

नगरीतले लोक आपापल्या कामाच्या मोबदल्यात राजाच्या कोठारातून ज्वारी नेत. कोठारावर एक कारभारी होता आणि त्याच्या हाती ज्वारी मोजायची लाकडी पायली होती. आता कोठार म्हटलं की उंदीर आलेच, मग ते दोन पायांचे का असेनात! म्हणून वाडवडिलांनी एक रीत घालून दिली होती. दर पौर्णिमेला नगरीतल्या एका बाईला मान मिळे. तिने देवळातली दगडी पायली दाण्यांनी भरायची आणि सगळ्यांदेखत कारभाऱ्याच्या पायलीत ओतायची. माप बरोबर उतरलं, तरच कोठाराचं दार उघडायचं.

एका पौर्णिमेला हा मान कासारणीचा होता. नवं लुगडं नेसून ती देवळाकडे निघाली, तोच दवंडी आली.

"ऐका हो ऐका! राजधानीचा लाडका गवई नगरीत येतोय होऽऽ! संगं ती नर्तकीपण हाय होऽऽ!"

गवई! साक्षात! कासारणीचा पाय जमिनीवर ठरेना. एकदा देवळाकडे बघावं, एकदा वेशीकडे.

वाटेतच उभा असलेला कारभारी गोड हसून म्हणाला, "जा हो वहिनी. माप काय कुठं पळून जातंय? पुढच्या खेपेला बघा."

कासारीण धावत सुटली. तिच्यामागून सगळी नगरी धावली.

काय तो गळा, काय ते नाचणं! त्या दिवसापासून नगरीला वेडच लागलं. पूर्वी दवंडीवाला पावसापाण्याच्या, पीकपेऱ्याच्या बातम्या देई. आता तो रोज ओरडू लागला, "गवई आज नर्तकीशी बोलला नाही होऽऽ!" नगरी हळहळली. "नर्तकीनं मोगरा सोडून शेवंती माळली होऽऽ!" नगरीत शेवंती मिळेनाशी झाली. दोघांचं लग्न होणार की नाही, या वादात दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. आणि नेमकं पौर्णिमेलाच काहीतरी निघे. कधी गवयाची मैफल, तर कधी नर्तकीची मिरवणूक. मापाची आठवण कोणाला राहणार? कारभारी माप न तपासताच कोठाराचं दार उघडे आणि लोक मिळेल ती ज्वारी घेऊन जात.

घराघरांत भाकरी मात्र कमी पडू लागली. सासूला वाटे, सुनेचा हात सैल आहे. सुनेला वाटे, सासू लेकीला चोरून देते. नवऱ्यांना वाटे, घरात उंदीर झालेत. पण झाकली मूठ सव्वा लाखाची! बाहेर कोणी अवाक्षर काढत नसे. पाणवठ्यावर बायका जमत, त्या गवयाच्या रुसव्याफुगव्यांवर बोलायला.

कासारणीच्या टोपलीत मात्र नवल घडत होतं. नेहमीच्या मापाच्या बांगड्या बायकांच्या हातातून घरंगळून पडू लागल्या. मग लहान माप आलं, मग त्याहून लहान. पूर्वी हाताला तेलाचं बोट लावल्याशिवाय बांगडी चढत नसे आणि बायका "आई गं!" म्हणून कळवळत. आता बांगडी सरळ आत जाई.

"अगं बाई! अगदी नर्तकीचं मनगट गं तुझं!" कासारीण ओरडे. ज्या बाईला ती असं म्हणे ती लाजे, आणि शेजारणी मनातल्या मनात जळत. कासारणीने त्या बांगड्यांना नावच देऊन टाकलं, नर्तकीच्या मापाच्या बांगड्या. एकीने घेतल्या की सगळ्या आळीला हव्या.

अशातच कासारणीची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आणि एके दिवशी ती दवंडी आली, जिची सारी नगरी वाट बघत होती. पौर्णिमेला लग्न! गवयाचं आणि नर्तकीचं! इथेच, याच नगरीत!

लग्नाच्या दिवशी सकाळी कासारणीने टोपलीतला सगळ्यांत लहान मापाचा हिरवा चुडा लेकीच्या हातात भरला. लेक भाकऱ्या थापायला बसली. पीठ मळायला तिने हात खाली केला आणि सगळाच्या सगळा चुडा मनगटावरून निसटून परातीत पडला.

"अगं, तू तर नर्तकीलाही मागं टाकलंस!" कासारीण टाळी वाजवून म्हणाली.

लेक हसली नाही. "आई, मला उठलं की चक्कर येते गं."

"का? जेवत नाहीस का नीट?"

"अर्धी भाकरी खाते. तुझं पिठाचं मडकं रोज तळाला जातं. मला वाटलं, मी दोन जिवांची, माझ्या खाण्यामुळंच तुम्हाला पुरत नाही. मागायची लाज वाटते."

 कासारणीने लेकीचा हात हातात घेतला. त्यात हाडं तेवढी उरली होती. मग तिला नगरीतली सगळी मनगटं आठवली. एवढ्या बायका एकदम नाजूक कशा होतील? त्या उपाशी होत्या. आणि आपण त्यांच्या उपासाचं कौतुक करत होतो! मापाचा मान सोडून ती गवयामागे धावली, त्या पौर्णिमेपासून माप कोणी तपासलंच नव्हतं.

ती तशीच मांडवाकडे धावली. मंगलाष्टकं सुरू होणार होती.

"अहो, माप तपासा! माप!"

"बाजूला सर गं, दिसत नाही!"

"तिथं अंतरपाट धरलाय, आणि हिला ज्वारी सुचतेय!"

कासारणीने दवंडीवाल्याचा डफ हिसकावला आणि थाप मारली. "ऐका हो ऐका! नर्तकीच्या मनगटाची बातमी ऐका होऽऽ!"

साऱ्या माना तिच्याकडे वळल्या.

"तेलाचं बोट न लावता जिची बांगडी उतरते, तिनं हात वर करावा!"

नर्तकीशी बरोबरी! कोण मागे राहील? मांडवभर हात वर झाले. बांगड्या खळखळत कोपरापर्यंत उतरल्या.

"आता जिच्या घरी भाकरी पुरते, तिनंच हात वर ठेवावा!"

एकेक हात खाली आला. एकही वर राहिला नाही. बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"म्हणजे, तुझ्याकडेपण?"

"मला वाटलं, आमच्याच घरात उंदीर झालेत!"

मग काय विचारता! वधूवर मांडवातच राहिले आणि सारी नगरी कोठारावर लोटली. दोघीजणींनी देवळातली दगडी पायली उचलून आणली. कासारणीने दाणे ओतले. कारभाऱ्याची पायली शिगोशीग भरली, तरी दाणे येतच राहिले आणि जमिनीवर त्यांची रास झाली. लाकडी पायलीला आतून जाड खोटा तळ बसवलेला होता! वाचवलेल्या ज्वारीतून कारभारी आपलं घर भरत होता, दवंडीवाल्याला पोसत होता आणि गवयाच्या मैफिलीही करत होता. नगरी आपल्याच तोंडचा घास मोजून तमाशा बघत होती.

राजाने कारभाऱ्याला हाकलून दिलं आणि त्याच्या घरातली ज्वारी दगडी पायलीने घरोघर वाटली. लेकीला मुलगी झाली. ती इतकुशी होती, की तिला रडायचाही जोर नव्हता. कासारणीचा जीव टांगणीला लागला. पण घरात आता पीठ होतं. लेकीच्या अंगात बळ येऊ लागलं, तसा तिला पान्हा फुटला आणि नातीचं रडणं शेजारपाजारपर्यंत ऐकू जाऊ लागलं.

एके दिवशी लेकीने दोन भाकऱ्या संपवल्या आणि ताट पुढे केलं.

"आई, अजून एक वाढ."

कासारणीने भाकरी वाढली आणि तोंड फिरवून पदराने डोळे पुसले.

बोध: दुसऱ्याच्या मांडवाची शोभा खुशाल पाहावी, पण आधी आपल्या घासाचं माप पाहावं.