दक्षिणेचं दार

नाशिकच्या कुमुदताई खासनीसांना घर विकायचं होतं, पण पाडू द्यायचं नव्हतं. साठेक वर्षांपूर्वी एका नामांकित आर्किटेक्टने ते त्यांच्या वडिलांसाठी बांधलं होतं आणि अंगणातला आंबा वाचवायला दार दक्षिणेला घेतलं होतं. आता ताईंचे गुडघे साथ देईनात, आणि गिऱ्हाईक म्हणावं तर एकच, बिल्डर उत्तमशेठ ढमाले. ताईंचा जीव टांगणीला लागला होता.

"एक वीट हलवणार नाही. मी स्वतः राहायला येतो," शेठ छातीवर हात ठेवून सांगायचे. व्यवहार ठरवायला मात्र ते वास्तुतज्ज्ञाला घेऊन आले.

तज्ज्ञाने होकायंत्र फिरवलं. "दार दक्षिणेला, जिना ईशान्येला! घरातल्या कर्त्या पुरुषाला धोका आहे."

"ऐकलंत? आता किंमत निम्मी करा," शेठ म्हणाले.

ताईंनी विचारलं, "किंमत निम्मी केली की धोकाही निम्मा होतो का हो? वीट हलणार नाही म्हणजे दोषही इथेच राहणार. आणि कर्ते पुरुष तर तुम्हीच!"

"अहो, घर राहिलं तर दोष राहील ना!" शेठ हसत बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. "बरं, पूर्ण किंमत देतो."

ताईंनी दक्षिणेचं दार सताड उघडून धरलं.

"या आता. आणि जरा जपून जा, शेठ. कर्त्या पुरुषाला धोका आहे."