घरचं मत

विश्राम बोडके सहाव्यांदा आमदारकीला पडले. पक्ष एवढासा, निशाणी बादली. मतमोजणीच्या मांडवात ते एकटेच बसून होते. निवडून आलेले मंत्री हांडेसाहेब गळ्यात हार घालूनच तिथे आले आणि आकड्यांचा कागद बघून हसले.

"विश्रामअण्णा, तुमच्या गावात तुम्हाला दर वेळी दोन मतं पडायची. तुमचं आणि वहिनींचं. यंदा एकच? घरचं मतही फुटलं की!"

कार्यकर्ते फिदीफिदी हसले.

"साहेब, ती चैत्रात वारली," विश्राम म्हणाले. "पण मी मत द्यायला गेलो, तेव्हा यादीत तिच्या नावापुढे मतदान झाल्याची खूण होती. तुमच्या माणसांनी तिला वरून मतदानाला आणलंच होतं, तर जाताना घटकाभर घरी तरी पाठवायचं."