सीट किती सरकणार?

मुलांनो, हात आखडले म्हणून कुणी सीट सरकवतं का? पूर्वी घाटाखालच्या एका गावातली वैजू तेच करायची. शर्यतीतल्या सायकली बघून तिने आपल्या सायकलला लांब स्टेम, म्हणजे हँडल धरून ठेवणारी दांडी, बसवली होती. हँडलपर्यंत हात पुरेनात, खांदे भरून यायचे आणि वळणावर सायकल उशिरा वळायची. मग वैजू पाना घेऊन सीटच पुढे ढकलायची.

एका संध्याकाळी सीट कावली. "स्टेमबाई, खोड तुझी आणि पिळले जातात कान माझे! आता पोरीचे गुडघेही दुखतात. सायकल विकून टाकते म्हणाली, ऐकलंस ना?"

"माझ्यामुळे सायकलला ऐट आहे," स्टेम म्हणाली. "तूच सरक की अजून जरा."

"सरक, सरक! कितीदा सरकू? माझ्या खालच्या सळ्या संपल्या, बाई. आता सरकले तर जमिनीवरच येईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी वैजूने पाना लावला, पण सीट तसूभरही पुढे जाईना. तेव्हा कुठे तिची नजर हँडलकडे गेली आणि तिने खिळ्याला टांगलेली जुनी, आखूड दांडी काढून परत बसवली आणि सीटही पुन्हा मागे घेतली.