रंगारणीचे रांजण

फार पूर्वी एका नदीच्या उत्तरकाठी एक शहर होतं आणि दक्षिणकाठी एक खेडं. पाणी तेच, माती तीच, कापूसही तोच. तरी उत्तरकाठ श्रीमंत होता आणि दक्षिणकाठी चार माग न् एक होडी एवढंच होतं.

एकदा उत्तरकाठी भिवराबाई नावाची रंगारीण आली. तिचा लाल रंग कितीही धुतला तरी उतरत नसे. तिनं घाटावर रांजण मांडले. म्हणाली, "ज्याला शिकायचंय त्यानं यावं."

रंगाऱ्यांचे चौधरी चिडले. "इथे रंगवण्याचा मान आमच्या सात घरांचा. तू कोण, कुठली?"

"चौधरी, तुमचा रंग दुसऱ्या धुण्याला जातो. तुम्हीही या, शिकवते."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी चौधरींच्या माणसांनी तिचे रांजण फोडले. लाल पाणी पायऱ्यांवरून वाहत गेलं. विणकर, व्यापारी, खुद्द कोतवाल, सगळे बघत उभे होते. एकानंही तोंड उघडलं नाही.

भिवराबाई होडीत बसून पलीकडे गेली. दक्षिणकाठचा पाटील म्हणाला, "आमच्याकडे देण्यासारखं काही नाही, बाई. जागा तेवढी आहे. पण आमच्या लोकांना शिकवशील?"

"मी दुसरं काय मागत होते?"

तिनं विणकरांना शिकवलं, होडीवाल्याच्या मुलींना शिकवलं. त्यांतल्या एकीनं न उतरणारा जांभळा शोधला. मग लांबलांबचे कारागीर आले. कुणाला जात विचारली नाही, गाव विचारलं नाही. बारा वर्षांत व्यापाऱ्यांच्या नावा दक्षिणकाठीच थांबू लागल्या. उत्तरकाठचे माग बंद पडत गेले.

तेव्हा चौधरी राजाकडे गेले. "महाराज, दक्षिणकाठच्यांनी आमचं नशीब पळवलं. त्यांच्या कापडावर बंदी घाला."

त्यांच्यामागून एक म्हातारा विणकर पुढे आला. तो म्हणाला, "कुणी पळवलं नाही, महाराज. दारात आलेलं आम्ही हाकललं. यांनी रांजण फोडले. मी दहा पावलांवर होतो. माझं सूत यांच्याकडे रंगायचं, म्हणून गप्प बसलो. आज माझी तिन्ही मुलं पलीकडे राबतात आणि हे नशिबाला बोल लावतात."

राजानं बंदी घातली नाही. म्हातारा दरबारातून निघाला तो थेट घाटावर गेला आणि होडीत बसला. त्याच्यामागे आणखी सहा विणकर बसले. चौधरी काठावरून हाका मारत राहिले. कुणी वळून पाहिलं नाही.

तात्पर्य: शहर बुडतं ते शेजाऱ्याच्या भरभराटीनं नव्हे. मूठभरांचा मान राखायला गुणी माणसाला हाकलतात आणि बाकीचे मुकाट बघतात, तेव्हा ते बुडतं.